तारबाबूंचे नंबर

आमच्या गल्लीत रेडिओवर खरखर सुरू झाली की लोक समजून जायचे, कुणाच्या तरी पोटातल्या जंतांची घटका भरली. क्रिकेटची कॉमेंट्री ऐन रंगात आलेली असायची, फलंदाज पुढे सरसावलेला असायचा, आणि नेमका तेव्हाच रेडिओ फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडायला लागायचा. चेंडू कुठे गेला, कुणी झेलला, काही कळायचं नाही. मग चार घरांतून एकदम आरडाओरडा, "ओ तारबाबू, थांबा की जरा! ओव्हर तरी होऊ द्या!"

तारबाबूंच्या ओसरीवरून शांतपणे उत्तर यायचं, "जंत थांबायलेत का? मग मी कसा थांबू?"

तारबाबूंचं खरं नाव किशनराव. पण ते नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. पिंगळीच्या ठेसनावर त्यांनी उभी हयात तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टमध्ये काढली. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत तबियत, मरीज, सब्र असे शब्द हरभऱ्याच्या उसळीत खोबऱ्याचे तुकडे लागावेत तसे मधूनमधून लागत. रिटायर झाल्यावर ते बोरीला वडिलांच्या घरात येऊन राहिले. एकटेच.

मी बोरीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून रुजू झालो तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. आईला बरोबर घेऊन मी खोली शोधत हिंडत होतो. गावात खोल्या होत्या. पण मालक आधी नाव विचारायचा, मग गाव, मग आडनाव. आडनाव ऐकलं आणि आम्ही बौद्ध आहोत हे कळलं की त्याला एकदम आठवायचं, पुढच्याच महिन्यात पुतण्या राहायला येणार आहे. त्या हिशेबानं पुढच्या महिन्यात बोरीत सहा पुतणे यायचे होते.

तारबाबूंनी आडनाव विचारलंच नाही. भर उन्हात अंगात रेल्वेचा काळा कोट. त्यांनी माझ्या डोळ्याखालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "झोपेत दात खातोस का?"

"नाही."

"आन् आई?"

"खायला दात राह्यले तर पायजेत," आई म्हणाली.

"मंग तुमच्यात जंत न्हाईत. खोली घ्या. आन् निघाले तरी घ्या, काढता येतेत."

मी कंपाउंडर आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. जरा गंभीर झाले. "म्हंजे तू दवावाला आन् मी करंटवाला. एका छपराखाली दोन दवाखाने." थोडा वेळ बोटांनी खांबावर टकटक करून म्हणाले, "चालतंय. ठेसनात दोन लाइनी असतेतच. टक्कर व्हायलाच पायजे असं काई न्हाई."

त्यांचं यंत्र म्हणजे सागवानी पेटी. आत टॉर्चचे सहा सेल, मोटारीतून काढलेलं एक कॉइल आणि एका मेलेल्या रेडिओचं बटण. बटणाभोवती कागदाची चकती, तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात एक ते शंभर आकडे. पेटीतून दोन वायरी बाहेर आलेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला सायकलच्या पंपाची कापलेली पितळी नळी. मरीजानं दोन हातांत दोन नळ्या धरायच्या, तारबाबूंनी बटण फिरवायचं. पेटी भुंग्यासारखी गुणगुणायची, हातांना मुंग्या यायच्या आणि दहा मिनिटांनी तारबाबू मोठ्यानं म्हणायचे, "लाइन क्लिअर!" म्हणजे आतले सगळे जंत खलास. पैसे घेत नसत. उलट चहा पाजत.

ही विद्या त्यांना मिळाली ती एका पहिल्या वर्गाच्या डब्यात. कुणी साहेब विसरून गेलेलं इंग्रजी मासिक. त्यात लिहिलेलं, की प्रत्येक जंताचा, प्रत्येक रोगाच्या किड्याचा विजेचा एक ठरावीक नंबर असतो. त्या नंबरावर करंट सोडला की तो जागच्या जागी मरतो. पुढच्या पानावर सगळ्या नंबरांचा तक्ता होता. आणि नेमकं ते पान कुणीतरी फाडून नेलेलं.

"कशाला फाडलं असंल सांग?" ते मला कळवळून विचारत. "भजे बांधायला! माणसाच्या भलाईचे नंबर, आन् त्याच्यात भजे!"

तेव्हापासून ते नंबर हुडकत होते. ज्वारीतल्या सोंड्यांवर, तुरीतल्या अळ्यांवर, हाताला लागेल त्या जिवावर प्रयोग. एकदा त्यांनी शेजारच्या पाटलांची म्हैस गोचिडांसाठी घेतली. नळ्या दोन शिंगांना सुतळीनं बांधल्या आणि बटण हळूहळू फिरवायला लागले. म्हैस बराच वेळ विचार करत उभी राहिली. मग तिचा विचार पक्का झाला. दावं तोडून ती जी सुटली ती पेटीसकट. गल्लीतून पुढे म्हैस, मागे ठणठण उड्या मारणारी पेटी, तिच्यामागे पाटील, आणि पाटलांच्या मागे कोटाचे पंख करून धावणारे तारबाबू, "पेटीला हात लावू नगा! कितीवर हाय ते बघा आधी! नंबर बघा!"

पेटी ओढ्यात सापडली. बटण त्र्याऐंशीवर अडकलेलं. तारबाबूंनी चिखलात उभं राहून वहीत लिहिलं, गोचीड, त्र्याऐंशी. पाटील चार दिवस बोलले नाहीत. म्हशीनं तर तारबाबूंना पुढे कायमचं टाळलं.

मी त्यांना पुष्कळ समजावलं. "तारबाबू, ह्या करंटनं जंत मरत नाहीत. तो पोटापर्यंत पोचतच नाही."

"तार दिल्लीला पोचते आन् पोटात पोचत न्हाई?"

शेवटी मी माझा मार्ग काढला. त्यांच्या ओसरीवरून उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला मी आमच्या दारात थांबवायचो आणि दवाखान्यातलं जंताचं पातळ औषध द्यायचो. तारबाबूंना ते ठाऊक होतं. "घ्या, घ्या, वरून थोडं तेबी घ्या," असं तेच सांगायचे. दुसऱ्या दिवशी जंत पडले की श्रेय यंत्राचं, आणि ढाळ लागले की माझं. माझी सख्खी आई एकदा गुडघे दुखतात म्हणून चोरून नळ्या धरून आली. मी विचारलं तर म्हणाली, "तू दवाखान्यात मला रांगेत उभं करतूस. ते बसा म्हनतेत, च्या देतेत, आन् गुडघ्याला कसं वाटायलंय ते इचारतेत."

असं चार वर्षं सुखात चाललं. मग कौसाबाईला ताप आला.

कौसाबाई कापूस वेचायला जाणारी बाई. अंगानं काटक, पण सुईचं नाव काढलं की थरथर कापायची. म्हणून आठ दिवस ताप अंगावर काढून ती दवाखान्याऐवजी तारबाबूंकडे आली. सकाळची वेळ, मी कामावर निघालेलोच. तारबाबूंनी तिच्या हातांत नळ्या दिल्या, बटणाला हात लावला आणि तिच्याकडे बघत राहिले. तिची नजर ठरत नव्हती. त्यांनी नळ्या काढून घेतल्या.

"का वो, तारबाबू? नंबर न्हाई लागायला?"

"कौसा, हे माझ्या पेटीचं काम न्हाई. ऊठ."

त्यांनी तिला हाताला धरून दवाखान्यापर्यंत चालवत आणलं. घरी मला अरे-तुरे करणारा माणूस, पण दवाखान्याच्या पायरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "कंपाउंडर साहेब, आमचा मरीज हाय. डॉक्टर साहेबाला सांगा, लवकर बघा."

डॉक्टरांनी तपासलं, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, सांगितला आणि ताबडतोब परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. कौसाबाईनं दाराचा खांब धरला. "तिथं लय मोठी सुई ऱ्हाती म्हनं. म्या न्हाई जायची. मेले तरी इथंच मरंन."

नवऱ्यानं विनवलं, मी रागावलो, डॉक्टर रागावले. ती खांब सोडेना. तेव्हा तारबाबू घरी गेले आणि पेटी काखोटीला मारून आले. "चल. मी येतो, पेटीबी येती. ते सुई द्यायलेत तवर मी बाजूला बसतो. दुखलं तर मला सांग."

खांब सुटला. एस.टी.त पुढच्या सीटवर कौसाबाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि शेजारी काळा कोट घालून, मांडीवर पेटी घेऊन तारबाबू. कंडक्टरनं विचारलं, पेटीत काय आहे? "इलाज हाय," ते म्हणाले, "पण आज बंद हाय."

दवाखान्यात ते बारा दिवस राहिले. नर्सबाईंनी पेटी उघडायची नाही म्हणून बजावलं होतं आणि त्यांनी ती उघडली नाही. नुसती मांडीवर घेऊन खाटेशेजारी बसून राहायचे. सुई टोचताना कौसाबाई एका हातानं पेटीचा कोपरा धरायची. तेराव्या दिवशी ती आपल्या पायांनी एस.टी.तून उतरली आणि गिरणीसमोर दळणाला बसलेल्या बायांना तिनं सांगून टाकलं, "तारबाबूच्या पेटीनं वाचले गं मी! निस्ती जवळ ठिवली तरी गुन आला!"

बायांनी हात जोडले. एवढं मोठं नाव तारबाबूंना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं, झालं, आता उद्यापासून टायफॉइडवाले, कावीळवाले, सगळे ह्यांच्याच ओसरीवर.

तारबाबू लालबुंद झाले. "खोटं हाय! सुईनं वाचलीस तू. बारा दिवस पेटी बंद होती. ऐका गं बायांनो, ताप आला तर माझ्याकडं येऊ नगा. सीधे दवाखान्यात जा. मला त्याचा नंबर म्हाईत न्हाई!"

गिरणीच्या आवाजातसुद्धा ते सगळ्यांना ऐकू गेलं.

लोक साधे. ज्याला तापाचा नंबर माहीत नाही, त्याला खोकल्याचा तरी कशावरून माहीत असेल? ओसरी हळूहळू रिकामी झाली. आमच्या दवाखान्यातली रांग वाढली आणि गल्लीत क्रिकेट स्वच्छ ऐकू यायला लागलं. तारबाबू सकाळी पेटी पुसायचे, सेल उन्हात ठेवायचे, दोन कप चहा करायचे आणि वाट बघून दोन्ही स्वतःच प्यायचे.

पावसाळा संपता संपता एका रविवारी आई म्हणाली, "सकाळपासून तारबाबूचं दार उघडलं न्हाई. बघून ये जरा." दुपार झाली होती. मी दार लोटलं. ते खाटेवर पडलेले, अंगावर दोन गोधड्या, गोधड्यांवर कोट, आणि तरी दात वाजत होते. हिवताप होता. तिसरा दिवस.

"मला सांगायचं नाही का?" मी चिडलोच. "भिंतीपलीकडे तर राहतो मी."

"दवाखान्यात गर्दी हाय म्हनं आजकाल."

मी धावत जाऊन गोळ्या आणल्या, दूध पाजून दिल्या. त्या गोळ्यांनीच पुढे ताप उतरला, हे कंपाउंडर म्हणून सांगून ठेवतो. थंडी कमी झाल्यावर मी त्यांना हसवायला म्हटलं, "गावाचे जंत मारले, स्वतःला नाही लावलं यंत्र?"

ते आढ्याकडे बघत म्हणाले, "कसं लावणार? दोन्ही हातांत नळ्या धरल्यावर बटण कोण फिरवणार?"

चार वर्षं मी ती पेटी रोज बघत होतो. कितीतरी लोकांच्या हातांत त्या नळ्या पाहिल्या होत्या. ही एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती.

"कधीच नाही लावलं?"

"एकदा गुडघ्यांत धरून बघितल्या. निसटतेत." ते थोडं हसले. "कुणाला म्हणावं, की ये बाबा, माझ्यापाशी बस, बटण फिरव? बरं दिसत न्हाई. लोकायला कामं असतेत."

मी पेटी उचलून खाटेजवळ आणली. स्टूल ओढलं. नळ्या त्यांच्या हातांत दिल्या. हात तापानं कढत होते, पण नळ्या त्यांनी अगदी नीट, मरीजांना शिकवायचे तशाच धरल्या.

"कितीवर लावू? हिवतापाचा नंबर किती?"

"त्यो सापडला न्हाई अजून," ते म्हणाले. "तू असं कर, एकपासून सुरू कर. एक-एक घर. घाई करू नगं."

मी बटण एकावर नेलं. पेटी गुणगुणायला लागली. मग दोन. मग तीन. प्रत्येक घरावर मी थांबत होतो आणि ते डोळे मिटून "हं" म्हणत होते. दहानंतर "हं" हळू झालं. विसाच्या पुढे ते बंद झालं आणि कपाळावरच्या आठ्या सुटल्या. नळ्या तेवढ्या हातांत घट्ट होत्या.

आई ज्वारीची पेज घेऊन दारात आली. मी ओठांवर बोट ठेवलं. ती वाटी खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

"झोपलेत की," ती हळूच म्हणाली. "बंद कर आता."

मी मान हलवली आणि बटण तिसावरून एकतिसावर नेलं.