रविवारी बुडण्याचे नियम

फांगालेलेई गावात रविवारी बुडायला मनाई नव्हती. मनाई होती ती पोहायला. टोंगाच्या त्या चिमुकल्या गावात हा फरक शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, कारण रविवार पवित्रता समितीचे अध्यक्ष मानासे यांनी तो प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता.

मानासे म्हणजे भक्तीचं चालतं-बोलतं प्रदर्शन. तिथल्या रिवाजाप्रमाणे चर्चला जाताना इतरांच्या कमरेला मानाची एक चटई गुंडाळलेली असे, मानासेंच्या कमरेला एकावर एक तीन. समोरून आले की लग्नातल्या जाजमाच्या गुंडाळीला पाय फुटल्यासारखे दिसत. बसता यायचं नाही, म्हणून ते उपासनाभर उभे राहत, आणि लोक म्हणत, काय ही श्रद्धा!

रविवारी मासेमारी बंद, हे पूर्वापार होतंच. मानासेंनी त्यात मोलाची भर घातली. घोट्याच्या वर पाणी लागलं की ते पोहणं. पडलेला नारळ उचलणं म्हणजे शेतीकाम. तोच डोक्यात पडला तर अपघात, त्याला समितीची हरकत नाही. कोंबडे शनिवारीच टोपलीखाली झाकायचे, कारण आरवणं हा त्यांचा पेशा. आणि ओहोटी लागली की खडकांवर जाऊन शिंपल्या खाणारी गावची डुकरं रविवारी कोंडवाड्यात कोंडायची. मासेमारी ती मासेमारी, मग ती दोन पायांवर करा की चार.

त्या रविवारी उपासना आटोपून मानासे दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर गस्तीला गेले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. लोसे नावाची डुकरीण पोटापर्यंत पाण्यात उभी राहून मिटक्या मारत शिंपल्या फोडत होती. एका दमात दोन गुन्हे!

डुकरीण लुपेची. दुसऱ्या कुणाची असणार? ही लुपे सकाळच्या उपासनेला कधी म्हणजे कधी येत नसे. त्या वेळी ती अंथरुणाला खिळलेल्या सेमिसी म्हाताऱ्याला आंघोळ घाली. म्हाताऱ्याला तीन पुतणे होते, पण तिघेही चर्चच्या गायकवृंदात. त्यांना सवड कुठली? समितीने लुपेला समजही दिली होती. तेव्हा ती म्हणाली होती, "म्हातारा घाणीत पडलाय. सोमवारपर्यंत कळ काढ म्हणून सांगू का त्याला?" समितीने तिची सूचना विचारार्थ ठेवून घेतली होती.

मानासे डुकरिणीला अटक करायला निघाले. घोट्याची अट पाळत एका खडकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. तिसरा शेवाळलेला होता. लोसे वळून पोहत किनाऱ्याला लागली. मानासे खडकांमधल्या खोल घळीत गेले. तिन्ही चटया पाणी प्यायल्या आणि भक्तीचं खरं वजन त्यांना प्रथमच कळलं.

बोंब ऐकून गाव गोळा झालं. पुढे उपाध्यक्ष हेनेले.

"मानासेदादा, पोहताय की काय?"

"नाही रे! बुडतोय!"

"मग ठीक."

"ठीक काय, मेल्या! काढ मला!"

"काढतो हो, पण पाणी छातीला लागेल. घोट्याची अट कुणाची? मी गुडघा म्हणत होतो, तर तुम्ही मला नास्तिक म्हणालात."

"होडी आण!"

"होडीला रविवारी हात लावायचा नाही. तीही तुमचीच सूचना. टाळ्या पडल्या होत्या."

इतक्यात पाळकबाबा आले. त्यांनी परिस्थितीचा शास्त्राच्या अंगाने विचार केला. "मानासे, येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालला होता. चालायला बंदी नाही. श्रद्धा असेल तर या चालत."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? मानासेंनी एक पाय उचलून पाहिला. दुसरा आणखी खाली गेला.

"अहो!" त्यांची बायको आकोसिता ओरडली. "उमूच्या भट्टीतलं जेवण गार होतंय! किती वेळ लावणार?"

मानासेंनी एक घोट खारट पाणी गिळलं आणि हुकमाचं पान टाकलं. "शास्त्रातच आहे! शब्बाथाच्या पवित्र दिवशी मेंढरू खाचेत पडलं तर बाहेर काढावं!"

"मेंढरू म्हटलंय," हेनेले म्हणाला, "अध्यक्ष नाही."

"मग मी मेंढरू!"

हा ठराव गावात आजवर कुठलाच झाला नव्हता इतक्या झटपट एकमताने उचलून धरला गेला. पण समितीचं कामकाज हेही कामच. तेव्हा मानासे मेंढरू ठरणार ते सोमवारी सकाळी.

तोवर नुसतं उभं काय राहायचं, म्हणून गायकवृंदाने चार सुरांत अंत्यविधीचं गीत धरलं. पुतण्यांचा आवाज तर असा लागला की बायका डोळे पुसू लागल्या. तेवढ्यात वरची चटई सुटली आणि तरंगत किनाऱ्याकडे आली. ती आजोबांच्या वेळची. हेनेलेने हळहळत लांब काठीने ओढून घेतली. काठीला घोटा नसतो.

"आता मला ओढ!"

"काठी पुरत नाही, दादा. जरा अलीकडे येऊन बुडा ना!"

मानासेंच्या नाकात पाणी शिरलं. एरवी त्यांची प्रार्थना हजर मान्यवरांच्या स्वागताने सुरू होई आणि तिच्यात लहान मुलं झोपून उठत. आता त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघाले. "देवा, वाचव."

गर्दीच्या मागून कुणीतरी विचारलं, "माझी लोसे दिसली का?"

लुपे होती. हात कोपरापर्यंत साबणाचे. तिने गर्दी पाहिली, गर्दी पाहत होती ते पाहिलं, आणि अंगावरच्या एकमेव चांगल्या कपड्यांनिशी सरळ पाण्यात उतरली.

"लुपे... घोट्याच्या वर..." मानासे बुडबुडले.

"तोंड मीट, पाणी जाईल." तिने उरलेल्या दोन चटया सोडल्या, बायका चटईऐवजी कमरेला बांधतात तो आपला विणलेला पट्टा त्यांच्या काखेतून बांधला आणि हट्टी डुकराला आणतात तसं त्यांना ओढत काठावर आणलं.

मानासे जिवंत होते, पण बेकायदेशीररीत्या.

"नियमाने पाहिलं तर, दादा," हेनेले दबक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही अजून पाण्यातच आहात."

संध्याकाळी आभार मानण्यासाठी खास उपासना ठेवली. चर्च खचाखच भरलं. लुपेसुद्धा आली, सेमिसीचं रात्रीचं जेवण व्हायचं होतं, पण तिला वाटलं, पाच मिनिटं येऊन देवाला 'बरं केलंस' म्हणावं. हेनेलेने तिला दारातच अडवलं. कपडे ओले, कमरेला पट्टा नाही. अशा अवताराने देवाच्या घरात?

पट्टा अजून मानासेंच्या काखेत होता.

हेनेलेने आत पाहिलं. मानासेंनी नुसतं बोट हलवलं असतं तरी ती आत आली असती. मानासेंना ती दिसली. त्यांचा हात थोडा उचलला गेला. त्यांनी त्या हाताने कमरेची नवी कोरडी चटई नीट केली आणि प्रार्थना सुरू केली. मान्यवरांचं स्वागत झालं. मग देवाचे, पाळकबाबांचे, गायकवृंदाचे, आकोसिताने अन्न पुन्हा गरम केलं त्याबद्दल तिचे आणि शेवटी काठीचे आभार झाले. लुपेच्या गुन्ह्याची सुनावणी सोमवारी होईल, आपण दयेची शिफारस करू, असं त्यांनी गहिवरून जाहीर केलं तेव्हा सगळं चर्च "आमेन" म्हणालं. ते ऐकायला लुपे नव्हती. म्हाताऱ्याला भूक लागली असणार म्हणून ती केव्हाच गेली होती, आणि लोसे तिच्या मागे.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! एवढं गाव काठावर उभं, आणि एकाचाही पाय पाण्यात पडू नये? अगदी खरं आहे. पण तुम्हीही पहिल्या ओळीपासून तिथंच उभे होतात, आणि मजेत हसत होतात. जरा खाली बघा बरं. पाय कोरडेच आहेत ना?