डबा न हलवता

"दोनशे घरांना फोन कशाला करायचे?" प्रमोद म्हणाला. "वीस चिठ्ठ्या काढू, त्या वीस घरांना विचारू. सगळ्या मंडळाला काय खायचंय ते कळेल."

हैदराबादेतल्या विद्यानगरच्या मराठी मंडळात दिवाळीच्या जेवणावरून दरवर्षी भांडण व्हायचं. पुण्याहून आलेल्या प्रमोदने, तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असल्यामुळे, यंदा ते शास्त्रशुद्ध मिटवायचं ठरवलं. अध्यक्ष नामदेवराव कैक पिढ्यांचे हैदराबादकर. ते एवढंच म्हणाले, "करा बापा. पण आपल्या लोकांना तिखट लागतंय, हौ."

प्रमोदने घरोघरच्या नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, डोळे मिटून वीस उचलल्या आणि फोन केले. जवळपास सगळ्यांनी एकच सांगितलं: मुगाची खिचडी, ताक, आणि पानं सहालाच मांडा.

"बघा नामदेवराव, कुठाय तिखट?" प्रमोदला आनंद आवरेना.

ठरल्या दिवशी सहाला ज्येष्ठ मंडळी आली, तृप्त होऊन, प्रमोदला आशीर्वाद देऊन गेली. आठला ऑफिसवाली घरं पोराबाळांसकट आली, तर पातेल्यात गार खिचडी!

"बगारा बैंगन किधर है जी?" झणझणीत वांग्यांच्या आशेने आलेलं कुणीतरी ओरडलं.

"मंडळाचं पोट बिघडलंय का?" दुसऱ्याने विचारलं. बघता बघता सगळी पंगत हिमायतनगरला बिर्याणी खायला निघून गेली.

रिकाम्या हॉलमध्ये प्रमोदची बायको माधवी म्हणाली, "डबा हलवला होतास?"

"डोळे घट्ट मिटले होते!"

"अरे, मंडळाच्या योगवर्गाला येणाऱ्या आजी-आजोबांच्या चिठ्ठ्या तू शेवटी टाकल्यास. वर त्याच होत्या."

प्रमोदने कपाळावर हात मारला. हेच तो वर्गात दरवर्षी शिकवत होता! पुढचे काही दिवस तो भाजी आणायलाही तोंड लपवून जायचा.

मग पुढच्या जेवणासाठी त्याने डबा खांदा दुखेपर्यंत हलवला आणि नव्याने चिठ्ठ्या काढल्या. लोकांनी भीड धरू नये म्हणून फोन माधवीने, नाव न सांगता केले. सभेत निकाल वाचायला प्रमोद उभा राहिला.

"बहुतेकांचं मत असं की, जेवण काहीही ठेवा, पण ते प्रमोदला ठरवू देऊ नका."

नामदेवरावांना कसंतरीच झालं. "मनावर घेऊ नका हो. फोनवर लोक कायबी बोलतात."

"छे छे, शंकाच नको!" प्रमोद उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला. "इतका स्वच्छ निष्कर्ष मला आजवर मिळाला नव्हता. घ्या मतदान!"

आणि त्याला जेवणसमितीतून काढण्याच्या ठरावावर पहिला हात त्यानेच वर केला.