चुकेल त्याची घंटा

रविवार, आठ सप्टेंबर, सकाळचे दहा. स्थळ: घमापुरातल्या मराठी मंडळाचं सभागृह. हजर: मुलं चौदा, त्यांच्या आयांचे फोन नऊ, समितीतर्फे बोरकर काका (डोळे मिटून), लखनौहून फोनवर मैत्री, हजेरी आणि कॉम्प्युटर सांभाळायला मी, आणि मेश्राम मॅडम, हातात पितळी घंटा.

घंटेचं आधी सांगते. आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मुलानं चुकीचं उत्तर दिलं की मॅडम ती वाजवतात. बरोबर उत्तराला नुसतं "अच्छा, ठीक." चूक मात्र मनात भरली, तर खुर्चीवरून उठून, पदर खोचून घंटा, आणि वर, "क्या बात है, किती सुंदर चुकला रे तू."

मॅडम जन्मभर सरकारी शाळेत शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर भाच्यानं त्यांना मोबाइलवरचा प्रश्नांचा खेळ दाखवला. भिंतीवर प्रश्न उमटतो, खाली चार रंगांचे चौकोन, मुलांनी आयांच्या फोनवर रंग दाबायचा, मागे गणपतीच्या ऑर्केस्ट्रासारखं संगीत. मॅडम खेळावर भाळल्या, पण चुकीच्या पर्यायांपायी. "बरोबर उत्तर एकच असते, त्याच्यात कसली कलाकारी? तीन चुकीचे लिहिताना माणसाचा कस लागते."

चुकांचा पुरवठा मुलंच करतात. घरातली मराठी त्यांना कळते, पण जिभेवर शाळेतली, गल्लीतली हिंदी बसलेली. 'शिक्षा म्हणजे काय?' या प्रश्नावर चेतन म्हणाला, "स्कूल." मॅडम विचारात पडल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "वंदना, याले चूक काहून म्हणू?" 'खाली जाऊ नको' या वाक्याचा अर्थ गुंजननं सांगितला, "मतलब, हाथ में मिठाई-विठाई लेके जाना." त्या दिवशी घंटा इतका वेळ वाजली, की शेजारचे शर्माजी आरती समजून चपला काढून आत आले, आणि आता आलोच आहोत तर म्हणून दोन प्रश्न खेळून गेले. दोन्ही चुकले. फार खूश होऊन गेले.

खेळात प्रत्येकाचं टोपणनाव असतं. एक आहे 'पनागरचा मटर', एक 'धुवांधार'. बोरकर काकांना मी 'समिती' हे नाव दिलं होतं. ते कधी रंगच दाबत नाहीत, त्यामुळे समिती कायम शेवटी.

एक प्रश्न मात्र दर रविवारी येतो. 'बाबांच्या आईला काय म्हणतात?' लाल, आजी. निळा, दादी. पिवळा, नानी. हिरवा, आंटी. हा प्रश्न खरं तर एकीसाठीच आहे. मैत्री ही मॅडमची नात, दुसरीत शिकते. आई लखनौची, घरात सगळी हिंदी, आणि मॅडम तिच्या दादी. "दादी शब्द वाईट नाही गं," मॅडम मला म्हणाल्या होत्या, "पण तिच्या बिल्डिंगमधल्या साऱ्याच म्हाताऱ्या दादी आहेत. मले एकदा आजी म्हणाली ना, तर हा वर्ग कशासाठी चालवून राहिली, त्याचं उत्तर भेटलं."

मैत्री दर रविवारी निळा दाबते. मॅडम तिच्यासाठी फोनजवळ जाऊन घंटा वाजवतात. सगळ्यांत लांब. चेहरा मात्र तेवढा खुलत नाही.

बाकीची मुलं आता प्रश्न पुरता उमटायच्या आत लाल दाबून मोकळी होतात. शेवटी आठ तारखेच्या आदल्या रविवारी बोरकर काकांनी डोळे उघडले. "मॅडम, त्या आजीपायी पोरं कंटाळून राहिले. काढा तो प्रश्न."

मॅडमनी घंटा टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "खोडून टाक वंदना. घरचं दुखणं वर्गात काहून आणा?"

मी कामांच्या यादीत लिहून घेतलं. आठ तारखेपर्यंत खोडायला सवड झाली नाही, म्हणून खेळताना तो प्रश्न नुसता ओलांडला. पनागरचा मटर जिंकला. समिती शेवटी आली. मुलं चपला शोधायला लागली, मी कॉम्प्युटरची तार गुंडाळायला घेतली, आणि फोनमधून आवाज आला.

"आजी, मेरा वाला सवाल तो आया ही नहीं."

मॅडमचा हात टेबलावरच थांबला. "कोणता, बेटा?"

"अरे वही, जिसमें मैं दादी दबाती हूँ. सही वाला मुझे आता है, लेकिन उसमें आप घंटी नहीं बजातीं ना, आजी."

बोरकर काका खुर्चीत सरळ बसले. चेतन काहीतरी बोलणार होता, गुंजननं त्याला कोपर मारलं.

"आज राहून गेला गं," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या रविवारी विचारते. पण दादीच दाबजो बरं."

मग तार गुंडाळून येते म्हणाल्या आणि रंगमंचाच्या पडद्यामागे गेल्या. तार माझ्या हातात होती. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, तेव्हा माझी तार गुंडाळून झाली होती.

त्या दिवसाची बाकी कामं मी संध्याकाळपर्यंत उरकली. प्रश्न खोडायचा अजून राहिला आहे.