घर घेण्याआधी बांगडे तळावेत

पडद्यांची मापं घ्यायला म्हणून सोबत आलेली हौसाबाई पिशवीतून गॅसची छोटी शेगडी काढते आहे, हे पाहिलं आणि गुरुप्रसादच्या हातातली मापाची टेप सुर्रकन गुंडाळली जाऊन त्याच्याच बोटावर आपटली.

"मावशे, ह्या काय?"

"शेगडी."

"ता माका दिसता. कित्याक हाडलंस?"

"बांगडे तळूक," हौसाबाई म्हणाली आणि केळीच्या पानात गुंडाळलेले, हळद-तिखट लावलेले आठ बांगडे तिनं ओट्यावर ठेवले.

गुरुप्रसादनं घड्याळ बघितलं. ओटा त्याचा नव्हता, फ्लॅट अजून त्याचा नव्हता. मालक शाहनवाज बायकोला घेऊन वेंगुर्ल्याला सासुरवाडीला गेला होता. जाताना विश्वासानं किल्ली देऊन गेला होता आणि दुपारी एकला कराराचे कागद घेऊन परत येणार होता. आत्ता साडेअकरा झाले होते.

गुरुप्रसाद मालवणात शाळेत विज्ञान शिकवायचा, नम्रता दवाखान्यात नर्स होती. दोघांचं हे पहिलंच घर. त्यामुळे ज्यांनी घरं घेतली होती त्यांनी, आणि ज्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं त्यांनी त्याहून जास्त, सल्ले दिले होते. मसुऱ्याहून त्याचे वडील सत्यवान रोज फोन करून बजावत, "तळमजलो नको, पाणी भरता. वरचो नको, गळता." शाळेतल्या क्लार्कनं जमिनीवर गोटी सोडून उतार बघायला सांगितलं होतं. गुरुप्रसादनं ती सोडली होती आणि गुडघ्यांवर रांगत तिच्या मागे तिन्ही खोल्या फिरला होता. नळ झाले, फरश्या झाल्या, सातबारा झाला. तृप्ती अपार्टमेंटमधला हा फ्लॅट सगळ्या परीक्षांत पास झाला होता.

अडचण एकच होती. आठ बिऱ्हाडांची ही इमारत बंदरापासून पाच मिनिटांवर होती आणि चार वर्षांत तिच्या एकाही खिडकीतून माशाचा वास आला नव्हता. सोसायटीचे अध्यक्ष भाई, एसटीतून निवृत्त झालेले, शुद्ध मराठीत म्हणाले होते, "तसा लेखी नियम काही नाही. पण सगळे पाळतात. आपणही समजून घ्याल."

गुरुप्रसादनं समजून घेतलं होतं. नम्रतानंही समजून घेतलं. करणार काय? भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती, घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. या किमतीत मालवणात दुसरा फ्लॅट मिळत नव्हता. भाईंचा ना हरकत दाखला तेवढा हवा होता. मासे रविवारी मावशीकडे खायचे, असं दोघांनी ठरवलं होतं.

ते मावशीला सांगितलं, ही चूक झाली. हौसाबाईनं पस्तीस वर्षं बाजारात मासे विकले होते आणि सहा भाड्याच्या खोल्या बदलल्या होत्या.

"नळ बदलूक येता, टायल बदलूक येता," ती आता शेगडी पेटवत म्हणाली. "शेजारी बदलूक गावतत काय? आदी बांगडे तळूचे. कोण दार लावता, कोण भांडाक येता, कोण ताट घेवन येता, ता बघूचा. मगे सही."

"अगो, पण हंय सगळे शिवराक आसत, माशाक शिवनत नाय! भाई दाखलो देवचे नाय!"

"शिवराक? मालवणात? आठच्या आठ?" हौसाबाईनं तव्यावर तेल सोडलं. "माका बघूचेच आसत."

"नमू, तू तरी सांग हिका!"

नम्रता केव्हाच तव्याजवळ जाऊन उभी राहिली होती. "मावशी, ह्येची एक बाजू झाली. परता," ती हळूच म्हणाली.

गुरुप्रसादनं धावत जाऊन सगळ्या खिडक्या लावल्या. दोन मिनिटांत आत इतका धूर झाला की तिघंही खोकायला लागली. मग विज्ञानाच्या मास्तरानं डोकं चालवलं आणि ओट्यावरचा पंखा लावला. धूर भराभर बाहेर जाऊ लागला. तो खूश झाला. पंख्यामागचं धुरांडं बाकीच्या सातही स्वयंपाकघरांतून जात होतं. ते फ्लॅट बघताना त्यानं स्वतःच वाकून तपासलं होतं, पण आठवलं तेव्हा पाचवा बांगडा तव्यावर होता.

बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली किशोरी उभी होती.

"काय जळता काय?"

"नाय, नाय. वायरिंग तपासतंव."

किशोरीनं दीर्घ श्वास घेतला. "वायरिंगीक हळद-तिखट लावलंस?"

गुरुप्रसाद नुसताच हसला. किशोरी त्याच्याकडे एकदा विचित्र नजरेनं बघून वळली, पण आपल्या घरात न शिरता तरातरा जिना चढून वर गेली. वर भाई राहत होते. वरच्या मजल्यावर एक दार उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. कुजबुज झाली आणि पावलं खाली येऊ लागली.

"मावशे, संपलंव आपण," गुरुप्रसाद म्हणाला.

"सातवो टाकलंय," हौसाबाईनं उत्तर दिलं.

भाई दारात आले. त्यांच्यामागे किशोरी, तिच्यामागे वरचा दाजी आणि जिन्यावर आणखी पाच-सहा माणसं. गुरुप्रसादला घरमालकाचं तोंड दिसलं, लग्नाचा मांडव दिसला आणि त्या मांडवाबाहेर रस्त्यावर ठेवलेलं स्वतःचं कपाटही दिसलं.

"कोणी तळले?" भाईंनी विचारलं.

उलथनं हातात घेऊन हौसाबाई बाहेर आली. "मी."

भाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं.

"तांदळाच्या पिठात," भाई म्हणाले, "की रव्यात?"

"पिठात. वायच रवो."

भाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा अध्यक्षांची शुद्ध मराठी कुठच्या कुठे गेली होती. "चार वर्सां, बाय! चार वर्सां मी ह्या बिल्डिंगीत बांगडो तळूक नाय. ह्या किशोरीक त्रास नको म्हणान."

"माका?" किशोरी ओरडली. "माका कसलो त्रास? तुमी शिवराक म्हणान माझी कढय मी म्हायेराक ठेवन इलंय!"

"मी शिवराक? कोणी सांगल्यान तुका?"

"दाजीन!"

दाजीनं मान खाली घातली. "माका वाटला, सगळेच शिवराक. म्हणान मी आयतवारी देवळात जातंय म्हणान सांगतंय आणि बंदरार जेवन येतंय."

मग हळूहळू उलगडा झाला. बिल्डरनं चार वर्षांपूर्वी चाव्या दिल्या त्या ऐन श्रावणात. प्रत्येक बिऱ्हाड आलं, श्रावण पाळून डाळभात खाऊ लागलं आणि शेजारीही डाळभात खातात हे बघत राहिलं. श्रावण संपला तोवर गणपती आले. गणपती गेले तोवर प्रत्येकाची खात्री पटली होती की आपण सोडून बाकीची सगळी इमारत शाकाहारी आहे. माणसं भली होती, एकमेकांना धरून राहणारी होती. त्या भलेपणापायी त्यांनी चार वर्षं एकमेकांना उपाशी मारलं.

आठ बांगडे, माणसं पंधरा. किशोरी ताट घेऊन आली, वरून भाकऱ्या आल्या, कुणी सोलकढी आणली. भाईंनी दाजीला स्कूटरवरून बाजारात पिटाळलं आणि जिन्यातून ओरडून सांगितलं, "कल्ले बघून घी रे!" शाहनवाजच्या हॉलमध्ये पंगत बसली. भाईंनी ना हरकत दाखला तिथल्या तिथे लिहून दिला. सहीशेजारी तेलकट अंगठाही उमटला. नम्रता दोन वर्षांत इतकी हसली नव्हती. गुरुप्रसादला वाटलं, घर असावं तर असं. इथेच म्हातारं व्हावं.

एकच्या ठोक्याला शाहनवाज आणि त्याची बायको रुमाना कराराचे कागद घेऊन आले. रुमाना उंबऱ्यावरच थांबली. तिच्या हॉलमध्ये अख्खी सोसायटी मांडी घालून बसली होती. किशोरीनं उठून तिच्या हातात ताट दिलं.

रुमानानं ताटाकडे बघितलं, मग भाईंकडे. "तुमी... खातास?"

"खातंय?" भाई म्हणाले. "ह्यो तिसरो."

रुमाना दारातच खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. शाहनवाज तर श्रावण पाळणाऱ्यातला नव्हता, पण शेजाऱ्यांचं मन कशाला दुखवा, म्हणून त्यानंही घरात कधी मासा आणला नव्हता. दर शुक्रवारी दोघं वेंगुर्ला गाठत, पोटभर जेवत आणि हात तीनदा साबणानं धुऊन परत येत. शेवटी रुमाना कंटाळली होती.

तिनं डोळे पुसले, बांगड्याचा तुकडा तोंडात घातला आणि नवऱ्याकडे वळली. "अवो, मी हंयसून खंयच जावचंय नाय."

पंगतीत टाळ्या पडल्या. गुरुप्रसादनंही दोन टाळ्या वाजवल्या आणि मग त्याला अर्थ कळला.

शाहनवाज त्याच्याजवळ येऊन बसला. बिचारा खरोखर ओशाळला होता. "गुरुप्रसाद, तुका कसा सांगू? घर इकूचा कारण ह्याच होता रे. आता कारणच रवूक नाय."

त्यानं कागद परत पिशवीत घातले. गुरुप्रसादच्या खिशात ना हरकत दाखला होता, पण ज्या घरासाठी होता ते घर गेलं होतं. त्याला अगदी लहान मुलासारखं भोकाड पसरावंसं वाटलं.

जिना उतरताना तो एवढंच म्हणाला, "मावशे, तुझ्या बांगड्यांनी माझा घर खाल्ल्यानी."

"घर चांगला निघाला, म्हणान गेला," हौसाबाई म्हणाली. "वायट निघाला असता, तर तुकाच गावला असता."

पुढच्या घराला खरेदीखतावर सही होईपर्यंत कुणी काडीसुद्धा ओढायची नाही, अशी गुरुप्रसादनं शपथ घेतली. घरमालकाच्या हातापाया पडून त्यानं थोडी मुदत वाढवून घेतली. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक नवी इमारत पुरी होत आली होती. तिथला फ्लॅट थोडा लहान होता आणि थोडा महाग होता, पण त्यानं आठ दिवसांत सही करून टाकली. हौसाबाईला थेट वास्तुशांतीला बोलावलं. ती आली, पुरणपोळी जेवली, शेजारी कोण आहेत हेसुद्धा न विचारता परत गेली. रुसली होती.

राहायला गेले तेव्हा आषाढाचे दोन दिवस उरले होते. महिनाभर जिन्यात फक्त फोडणीचा आणि उदबत्तीचा वास होता. गणपती झाले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नम्रता म्हणाली, "आज बाजारात बांगडे बरे दिसत होते. हाडू?"

गुरुप्रसादनं दार किलकिलं करून बघितलं. समोरची बाई दुधीभोपळा घेऊन जिना चढून येत होती.

"नको," तो म्हणाला. "माणसा शिवराक दिसतत."

"तळून बघूया तर."

"तेव्हा घर घेवचा होता, आता घेवन झाला. जन्मभर हंय रवाचा आसा, उगाच वाकडा कित्याक?"

नम्रतानं डाळीचा कुकर चढवला.

तेव्हापासून दर बुधवारी संध्याकाळी रुमानाचा फोन येतो आणि दोघं तृप्तीमध्ये जेवायला जातात. ज्या ओट्याची मापं घेतली होती त्याला टेकून गुरुप्रसाद बांगडा खातो, आणि परत येताना मूठभर बडीशेप चावत, हात हुंगत, स्कूटर हळू चालवतो.

गेल्या बुधवारी फाटकात समोरचं बिऱ्हाड भेटलं. तेही बाहेरून येत होते. नवरा-बायको दोघांचीही तोंडं बडीशेपेनं भरलेली होती, आणि बाईनं हातातला डबा चटकन पाठीमागे नेला.

"जेवन इलास?" शेजाऱ्यानं तोंडावर हात धरून विचारलं.

"होय, पावण्यांकडे," गुरुप्रसादनं मान फिरवून सांगितलं. "वरण-भात."

"आमी पण. वरण-भातच."

चौघं जिना चढले. दोघं या भिंतीकडे तोंड करून, दोघं त्या. आपापल्या दारांपाशी त्यांनी एकमेकांना लांबूनच नमस्कार केला.

घरात आल्यावर गुरुप्रसादनं कडी लावली आणि सुटकेचा श्वास सोडला. "बघलंस, नमू? पावण्यांकडे जावन पण वरण-भात. काय साधी माणसा! बरा झाला, आपण तळूक नाय."