चीकदुधाच्या घटत्या उत्पादनाची चौकशी

पहिल्या आठवड्यात रोज तीन सिरिंजा भरत होत्या. दुसऱ्या आठवड्यात दोन, आणि त्यानंतर एक; तीही काठोकाठ नाही. या संपूर्ण काळात गर्भवतीचे वजन योग्य तेवढे वाढले, झोप सुधारली, आहार तोच राहिला, आणि आपले दूध आटत चालले आहे याची तिला अजिबात काळजी वाटत नव्हती.

काळजी तिच्या नवऱ्याला वाटत होती. काळजी हा त्याचा पेशाच होता. तो एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत तपासनीस होता. त्याच्या सहीशिवाय दुधाचा टँकर फाटकातून आत येत नसे, आणि त्याने नापास केलेला टँकर कोणाच्याही रदबदलीने पास होत नसे. दुधाच्या बाबतीत आपल्याला कोणी शिकवू नये असे त्याचे मत होते. शिकवायला कोणी जातही नसे, त्यामुळे ते मत चांगल्या स्थितीत टिकून राहिले होते.

प्रकरणाची सुरुवात डॉक्टरीणबाईंनी केली. गरोदरपणात बायकोची साखर वाढली होती. अशा आयांच्या बाळांची साखर जन्मल्यावर एकाएकी उतरू शकते आणि त्यांना पहिल्या काही तासांतच पोटात काहीतरी द्यावे लागते, असे त्यांनी समजावून सांगितले. तेव्हा शेवटच्या आठवड्यांत हातानेच थेंब थेंब चीकदूध काढून, म्हणजे बाळंतपणाआधीच तयार होऊ लागणारे ते दाट पिवळे दूध, लहान सिरिंजांत भरून गोठवून ठेवावे. वेळ पडली तर डब्यातल्या पावडरीऐवजी ते कामी येईल. बायकोने फारसे प्रश्न विचारले नाहीत. बाळाच्या पोटात पहिले जाईल ते माझेच जाईल, एवढे एकच वाक्य ती घरी येताना रिक्षात म्हणाली. तिचे काहीही ऐकू न येण्याइतका नवरा तेव्हा विचारात गढला होता. तो मनातल्या मनात कार्यपद्धती लिहीत होता.

आता हे मान्य केलेच पाहिजे की कोणतीही मौल्यवान वस्तू जपायची असेल, तर तिच्यावर एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. तपासनिसाने स्वतःची नेमणूक केली. (दुसरा अर्ज आलेला नव्हता.) त्याच्या आखणीनुसार बायको हा पुरवठा विभाग झाला, मुक्कामाला आलेल्या सासूबाई हा स्वच्छता विभाग झाला, आणि साठवण, तपासणी, नोंदी व अंतिम निर्णय हे विभाग एकाच व्यक्तीकडे आले. फ्रीजरमधून बर्फाचे ट्रे, आइस्क्रीमचा डबा आणि सासूबाईंची गुडघ्यावर ठेवायची गार पिशवी यांना बाहेर काढण्यात आले. आत प्रमाणित तापमापक बसवला गेला, आणि दारावर ‘परवानगीशिवाय उघडू नये’ अशी चिठ्ठी लागली. तिच्याखाली परवानगी कोणाची, हे लिहिले होते.

प्रत्यक्ष काम मात्र साधेच होते. सकाळी बायको खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, कोमट टॉवेल छातीवर धरी, मग बोटांनी हलके दाबी. मोहरीएवढा एक पिवळा थेंब येई, मग थोडे थांबून दुसरा. सासूबाई तो सिरिंजेच्या टोकाने अलगद ओढून घेत. एक मिली भरायला बराच वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात मायलेकींच्या निम्म्या नातेवाइकांचा हिशेब चुकता होत असे. तपासनीस दारात घड्याळ घेऊन उभा राही.

“जावईबापू, तुम्ही आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा,” सासूबाई म्हणाल्या. “असं दारात उभं राहिलं की दूधसुद्धा बिचकतं.”

या विधानाला पुरावा नव्हता, म्हणून ते विचारात घेतले गेले नाही.

पद्धतीचा कणा होता नमुना तपासणी. तपासणीविना साठवण म्हणजे नुसती आशा, असे तपासनीस नव्या मुलांना शिकवीत असे. टँकर कितीही मोठा असो, त्यातून बाटलीभर नमुना घेतला जातोच, आणि त्यामुळे टँकर रिकामा झाला असे आजवर कधी घडलेले नाही. तोच नियम त्याने घरी आणला. पाच सिरिंजांमागे एक सिरिंज फ्रीजरमधून काढायची, कोमट पाण्यात धरून वितळवायची, तिचा रंग, वास, दाटपणा आणि आम्लता पाहायची. वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये, हा डॉक्टरीणबाईंचा स्पष्ट नियम होता आणि तपासनीस नियम मोडणाऱ्यांपैकी नव्हता. म्हणून तपासलेले दूध सिंकमध्ये ओतले जाई.

निकाल अभिमान वाटावा असे होते. तपासलेली प्रत्येक सिरिंज उत्तम निघाली. साहजिकच फ्रीजरमध्ये कोणत्याही क्षणी फक्त अशाच सिरिंजा असत, ज्यांच्याबद्दल काहीही माहीत नव्हते.

पहिल्यांदा असे दूध ओतले गेले तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एक हात पोटावर, दुसरा चौकटीवर.

“चांगलं निघालं ना?” तिने विचारले.

“उत्कृष्ट,” तो म्हणाला आणि नळ सोडला.

ती थोडा वेळ सिंककडे पाहत राहिली आणि मग काही न बोलता आत गेली. (याची नोंद ‘संमती’ अशी झाली.)

त्याच आठवड्यात एका दुपारी सासूबाईंनी गुडघा फारच दुखतो म्हणून आपली पिशवी गार करायला फ्रीजर उघडला. दार किती वेळ उघडे होते याबद्दल त्यांची साक्ष ‘उघडलं आणि मिटलं’ एवढीच होती. तेवढ्यावर विसंबणे शक्य नव्हते. त्या दिवसापर्यंतचा सगळा साठा संशयित ठरला आणि नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आला. सासूबाईंनी दोन दिवस जावयाशी बोलणे टाकले. घरातील एकूण संभाषण त्या काळात वाढलेलेच आढळले.

आणि मग उत्पादन घटू लागले.

डेअरीत एखाद्या केंद्राचा पुरवठा घटला की प्रयोगशाळेचे पहिले कर्तव्य ठरलेले असते: नमुने वाढवायचे. पाचात एक होती ती तपासणी तीनात एक झाली, मग दोनात एक. ज्या दिवशी एकच सिरिंज आली त्या दिवशी काय करायचे, हा प्रश्न तपासनिसाला संध्याकाळभर पुरला. एका सिरिंजेची निम्मी तपासणी शास्त्राला मंजूर नसल्याने त्याने ती पुरती तपासली. उत्कृष्ट होती.

घट का होते आहे, यासाठी त्याने रीतसर शक्यता मांडल्या आणि एकेक करून बाद केल्या. शून्याखाली ठेवलेले बर्फाळ पदार्थ हळूहळू हवेत विरतात, पण बूच लावलेल्या सिरिंजेतून असे काही विरताना दिसले नाही. मोजमापातली चूक असावी म्हणून त्याने प्रयोगशाळेतला काटा घरी आणला; काट्याने सिरिंज हलकीच दाखवली. खोलीचे तापमान बदलून पाहिले. खुर्ची बदलली. सासूबाईंच्या उपस्थितीचा परिणाम तपासण्यासाठी त्यांना धाकट्या मुलीकडे चार दिवस राहायला पाठवण्यात आले. त्या काळात उत्पादनात फरक पडला नाही. (नमुना लहान असल्याने, म्हणजे सासू एकच असल्याने, निष्कर्ष काढता येत नाही.)

मनावरचा ताण हे एक ज्ञात कारण आहे, हे त्याने वाचले होते. त्याने बायकोला शांतपणे विचारले, “एक ते दहामध्ये तुझा ताण किती आहे?”

“तू खोलीत असताना की नसताना?”

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याची विनंती, अशी त्याने नोंद केली. उत्तराचा रकाना रिकामा राहिला.

त्या दिवसांत तो वाळला. डेअरीतून आल्यावर बूट काढायच्या आधी तापमापक पाही. एकदा जेवताना तो अचानक म्हणाला, “तिला पुरलं नाही तर?” मुलगी होणार की मुलगा, हे कोणालाच माहीत नव्हते. बायकोने त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि ‘पुरेल’ एवढेच म्हणाली. आधार कशाचा, हे त्याने विचारले. तिने सांगितले नाही. आधाराशिवाय केलेली विधाने त्याला आवडत नसत. हे मात्र त्याने दोन घास गिळेपर्यंत खोडले नाही.

मुलगीच झाली, भर सकाळी, ठणठणीत आवाजाची. पण टाचेतून थेंबभर रक्त घेतले तेव्हा साखर खाली आली होती. “साठवलेलं दूध आहे म्हणालात ना?” नर्स म्हणाली. “घेऊन या. लगेच द्यायचंय.”

कोणी काही सांगायच्या आत तपासनीस धावला. दवाखान्याचा जिना, रस्ता, रिक्षा, घराचा जिना. त्याने फ्रीजर उघडला. आत चार सिरिंजा होत्या, एका रेषेत, लेबले पुढे करून. चारही न तपासलेल्या. न तपासलेला माल द्यायचा नाही, हा नियम त्याचाच होता. तपासलेला माल उरत नाही, हा निसर्गाचा होता. दोन्ही नियमांच्या मध्ये तो दार सताड उघडे टाकून उभा राहिला, तापमापक इशाऱ्याची शिटी वाजवू लागला, आणि आयुष्यात प्रथमच दुधाच्या एखाद्या साठ्यावर सही न करता त्याने तो उचलला. नमुन्यांच्या थंड डब्यात चार सिरिंजा घालून तो परत धावला. रिक्षात त्याने डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. आतले तापमान किती, ते त्याने पाहिले नाही.

खोलीत शांतता होती. बाळ आईच्या छातीवर पडून होते आणि त्याच्या ओठांच्या कडेला पिवळसर ओल होती.

“चार आहेत,” तो धापा टाकत म्हणाला. “तपासलेल्या नाहीत.”

“ठेवा तिकडे, पुढच्या वेळेला होतील,” नर्स म्हणाली. “आत्ता तिला पाच दिल्या. साखर वर आली बघा.”

“कुठल्या पाच?”

सासूबाईंनी पायाशी ठेवलेली गारेगार पिशवी थोडी उघडून दाखवली. आत फ्रोझन मटारची पाकिटे होती आणि पाकिटांच्या मध्ये दाटीवाटीने सिरिंजा. “समोरच्या शिवणवाल्या काकूंच्या फ्रीजरमधल्या. अजून पुष्कळ आहेत. तुम्ही आधी बसा जावईबापू, केवढे दमलात.”

“त्यांच्या फ्रीजरचं तापमान किती असतं?”

“मटार दगडासारखे असतात,” सासूबाई म्हणाल्या.

तपासनीस बसला. बायकोने डोळे न उघडता सांगितले, “तू माझं दूध सिंकमध्ये ओतलंस आणि वर उत्कृष्ट म्हणालास ना, त्याच दिवशी ठरवलं.”

“मग मला रोज एक तरी कशाला देत होतीस?”

“काहीच दिलं नसतं तर कारण शोधत सगळीकडे फिरला असतास.”

“मी कारणच शोधत होतो.”

“हो, पण एका जागी बसून.”

त्याने यावर विचार केला आणि त्याला त्यात दोष काढता आला नाही. मग बायकोने सांगितले तसे त्याने हात धुतले, आणि तिने मुलगी त्याच्या हातात दिली. ती वजनाने किती होती हे कागदावर लिहिलेले होते. त्याला ती त्याहून जड वाटली. काटा जवळ नव्हता.

चौकशी येथे पूर्ण झाली. कारण येणेप्रमाणे: उत्पादन घटले नव्हते. दूध रोज वाढत होते. ते वाया घालवणारा घरात एकच माणूस होता, आणि तो कामात गुंतून राहावा म्हणून त्याला त्यातला अगदी थोडा वाटा नियमित दिला जात होता. उरलेले, तो डेअरीला गेल्यावर काढून, ज्या बाळासाठी काढले त्याच्यासाठी समोरच्या घरात ठेवले जात होते. घरातली एखादी गोष्ट केवळ आपल्या देखरेखीमुळे सुरळीत चालली आहे अशी ज्या वाचकाची खात्री असेल, त्याने तिचा आपल्याकडे येणारा वाटा एकदा मोजून पाहावा. साधारण एक सिरिंज भरेल. उरलेले कुठे ठेवतात हे मात्र विचारू नये. विचारले की त्यांना उगाच जागा बदलावी लागते.