वीस मिनिटांच्या शांततेसाठीं साहेबांनीं केलेली मोहीम

आरंभीं वंदन त्या मनास, जें आजवर कोणाचे हुकमांत राहिलें नाहीं. पूर्वीं थोर थोर तपस्वी गुहेंत बैसून त्याशीं झुंजले. कोणी जिंकिले, कोणी थकून घरीं परत आले आणि जिंकिलें ऐसें सांगते जाहले. परंतु तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचे घरांत, कपडे वाळत घालण्याचे लहान खोलींत, खासे साहेब यांनीं त्या गनिमाशीं जो प्रसंग केला तो कोणी लिहून ठेविला नाहीं. सबब आम्ही जैसें घडलें तैसें, पदरचें फारसें न घालतां, लिहितों.

साहेब म्हणजे कपडे धुण्याचीं यंत्रें विकणाऱ्या कंपनीचे तक्रार विभागाचे मुख्य. दिवसभर मुलूखभरचे लोक टेलिफोनवरून त्यांस सांगत कीं यंत्र थरथरतें, यंत्र पाणी सोडीत नाहीं, यंत्रानें सासऱ्याचा सदरा गिळिला; आणि साहेबांनीं प्रत्येकास मधाळ स्वरें ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणावें, ऐसी चाकरी. तेणेंकरून राग पोटांत सांचत जाई, आणि मग संध्याकाळीं उंबरठा ओलांडतांच तोफखाना घरच्यांवर सुरू होई. चपला आडव्या कां, पंखा रिकाम्या खोलींत कां, टॉवेल ओला कां, ऐसी सरबत्ती.

घरीं माणसें दोन. पत्नी बाईसाहेब, शाळेंत गणित शिकविणाऱ्या. आणि साहेबांचे वडील आबा, ज्यांनीं घड्याळें दुरुस्त करण्यांत हयात घालविली. एके दिवशीं आबांचे हातून चहाचा पेला साहेबांचे कागदांवर कलंडला, आणि साहेब गरजले, “अक्कल गहाण टाकलीय का?” आबांनीं पेला उचलिला, फडक्यानें मेज पुसलें आणि आपले खोलींत गेले. आणि त्या दिवसापासून साहेब घरांत असतां बाहेर येणें त्यांनीं बंद केलें. जेवणाचें ताटही आंत जाऊं लागलें. पंधरा दिवस लोटले, तेव्हां बाईसाहेबांकडून फर्मान निघालें: “एक तर डोकं शांत करा, नाहीतर मी आणि आबा माझ्या भावाकडे राहायला जातो. विचारलंय मी आबांना. ते तयार आहेत.”

खुद्द बाप सुनेच्या पक्षास मिळाला, हें ऐकून साहेब जागींच खचले, आणि मग मनावर स्वारी करण्याचा निश्चय जाहला.

त्या समयीं शहरांत मौनगुरूंचें शिबिर पडलें होतें. हे मौनगुरू मौनावर तीन घटका अखंड बोलत. भूतकाळ गेला, भविष्य आलें नाहीं, या क्षणांत राहा, ऐसा उपदेश करीत आणि दर वाक्यास मनगटावरील घड्याळ पाहत, कारण चार वाजतां दुसरें शिबिर होतें. साहेब बहुत प्रभावित जाहले. येतांना एक गादी, एक पितळी वाटी आणि फोनांत बसणारा एक कारकून घेऊन आले. हा कारकून साधकाचा श्वास ऐकोन रोज शेरा देई आणि सोन्याचें पदकही देई, परंतु तें काचेवरच दिसे.

दुसरे दिवशीं संध्याकाळीं सहा वाजतां साहेब लहान खोलींत वीस मिनिटांच्या बोलीनें गादीवर आरूढ जाहले. तत्पूर्वीं हुकूम सुटले कीं कुकरनें शिटी देऊं नये, दाराची घंटा काढून ठेवावी, आणि आबांचे खोलींतील सातही घड्याळें टिकटिक करितात, तीं बंद करावीं. आबांनीं सातही लोलक आपले हातांनीं धरून थांबविले. येणेंप्रमाणें वर्तमान क्षण साधावा म्हणून घरांतील वेळच कैद जाहली.

मग वाटी वाजली, डोळे मिटले, आणि गनीम चालून आला. दुसरे मिनिटीं डावा गुडघा फितूर जाहला. तिसरे मिनिटीं आठवलें कीं आपले लग्नांत मेव्हण्यानें आपणांस ‘बुटका’ म्हटलें होतें. चौथें आणि पांचवें मिनिट त्यास समर्पक उत्तर जुळविण्यांत खर्ची पडलें. आणि उत्तर सुचतें न सुचतें तोंच वरचे मजल्यावर भिंतींत भोंक पाडण्याचें यंत्र घरघरूं लागलें. साहेब तैसेच अनवाणी जिना चढून गेले आणि शेजाऱ्याचे दारांत उभे राहून म्हणाले, “मी खाली शांतता करतोय, कळत नाही का?” हें ते ऐशा आवाजें म्हणाले कीं तळमजल्याचे लोक काय पडलें तें पाहावयास जिन्यांत जमले.

ऐसे आठ दिवस पराभवांत गेले. नववे दिवशीं साहेबांस गादीवर गाढ झोंप लागली. श्वास संथ चालिला, मान छातीवर आली, आणि कारकुनानें शेरा दिला कीं आज आपण संपूर्ण वर्तमानांत होता; सोबत पदक. मग रोज सहा वाजतां दार लागे, साहेब निजत आणि पदक मिळे. ही कीर्ति कचेरींत पोहोंचली. वरिष्ठांनीं साहेबांस तमाम विभागास शांतता शिकविण्याचे कामीं नेमिलें, आणि साहेबांनीं मौनावर तासभर भाषण केलें; तेवढा वेळ टेलिफोन वाजत राहिले.

मग तो दिवस उगवला. कचेरींत दुपारचे सभेंत साहेबांची झोंप पुरी जाहली होती, सबब संध्याकाळीं गादीवर डोळे मिटून जागेच राहिले. आणि दारापलीकडून हंसणें ऐकूं आलें. बाईसाहेबांचें. तें शेवटचें केव्हां ऐकिलें होतें, हें साहेबांस आठवेना.

मग आबांचा आवाज आला. साहेबांचें दार लागतांच आबा रोज बाहेर येत आणि दोघें चहा पीत, ही खबर साहेबांस तेव्हां प्रथम कळली. आबा म्हणत होते, “मी खाली शांतता करतोय, कळत नाही का,” आणि स्वर हुबेहूब साहेबांचा, शेवटीं तो चिरकतो तोसुद्धां. बाईसाहेब म्हणाल्या, “पुरे आबा, ठसका लागेल मला.”

राग पोटांतून चालून निघाला. साहेबांनीं दाराची मूठ धरिली. आणि तेथेंच उभे राहिले, कारण बाहेर बशीवर कप ठेविल्याचा बारीक आवाज जाहला, आणि त्यांस उमजलें कीं आपण दार उघडितांच हें सगळें थांबेल. ते उभेच राहिले. गुडघा आठवला नाहीं, मेव्हणा आठवला नाहीं. आबा खोकले तें ऐकिलें, बाईसाहेबांनीं पाणी दिलें तें ऐकिलें. ऐसीं साडेचार मिनिटें गेलीं.

मग दार उघडिलें. बोलणें तत्काळ थांबलें. आबा भिंतीचा आधार घेत उठूं लागले.

“बसा आबा,” साहेब म्हणाले. “चहा सांडला त्या दिवशी मी जे बोललो, ते बोलायला नको होतं.”

आबांनीं लेकाकडे नीट निरखून पाहिलें, आणि मग म्हणाले, “बस. पण उद्या सहाला जा हो आत. आमचा तेवढाच वेळ असतो.”

बाईसाहेबांनीं तिसरा कप आणिला.

फोनांतील कारकुनानें त्या दिवशीं शेरा दिला: आपलें लक्ष आज पूर्णपणें विचलित होतें; पदक नाहीं. तो शेरा खोटा. मौजे लहान खोली येथें संध्याकाळीं सहा वाजून सोळा मिनिटांनीं, गादी सोडून, उभ्यानें, दाराची मूठ धरून, साहेबांची फत्ते जाहली. मुलूख साडेचार मिनिटांचा मिळाला. तो पुढें किती दिवस राखतील, याची जामिनकी आम्ही घेत नाहीं. मिळाला एवढें खरें, म्हणोन लिहिलें.