केसरबाई मार्गाचं रुंदीकरण

सत्यमने रस्त्यांना नावं द्यायला घेतली ती निव्वळ स्वतःच्या सोयीसाठी. त्यात कुणाचा मान ठेवावा किंवा कुणाचा काढावा, असा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. (त्याच्या डोक्यात एका वेळी एकच विचार मावतो, आणि त्या सकाळी ती जागा डब्यातल्या भाजीने अडवली होती.)

त्याचं असं झालं. सत्यम शेंद्र्याला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. उस्मानपुऱ्यातून कंपनीच्या बसने जायचं आणि बसने परत यायचं. बसमध्ये बाकीचे लोक झोपतात. सत्यमला बसमध्ये झोप येत नाही, ती त्याला स्टोअरमध्ये येते. म्हणून वेळ घालवायला त्याने मोबाइलवर एक खेळ घेतला. खेळात आपण एक गाव वसवायचं. मग तिथं बुटके लोहार, पंखवाल्या पऱ्या, उंच टोपीचे जादूगार असली मंडळी राहायला येतात. त्यांना घरं बांधून द्यायची, विहिरी खणायच्या, रस्ते काढायचे. अधूनमधून एखाद्या रस्त्यावर एक हिरवा राक्षस येऊन बसतो. तो कुणाला काही करत नाही, फक्त बसून राहतो आणि खायला मागतो. वर आभाळात एक ड्रॅगनही फिरत असतो, पण ज्या रस्त्याला नावाची पाटी नाही, तेवढाच तो जाळतो. हा नियम सत्यमने वाचला होता. लक्षात ठेवला नव्हता.

खेळ मराठीत होता, त्यामुळे रस्त्यांना आपोआप मराठी नावं मिळत. चंद्रछाया वीथी. गूढकुंज पथ. "गूढकुंज पथावरील विहीर आटली आहे" अशी बातमी आली की नेमकं कुठं धावायचं हेच सत्यमला कळेना. असल्या नावाच्या रस्त्यावर रिक्षा तरी कशी मिळणार? शेवटी बसमध्ये बसल्या बसल्या त्याने सगळी नावं बदलायला घेतली. कॅन्टीन गल्ली, पेंट शॉप रोड, गेट नंबर दोन अशी ओळखीची नावं पडली. जो सगळ्यात लांब रस्ता होता, त्याला त्याने आपल्या आईचं नाव दिलं. दगडाबाई मार्ग.

तो ज्या शहरात राहतो, त्याच्या स्वतःच्याच नावावरून वर्षानुवर्षं वाद झाले; तिथं नावाचा विषय कुणी हलक्यात घेत नाही, एवढं तरी त्याला आठवायला हवं होतं.

संध्याकाळी चहा देता देता त्याची बायको तनुजा मोबाइलमध्ये डोकावली.

"दगडाबाई मार्ग. छान आहे हो. कुठून कुठवर जातो?"

"राजवाड्यापासून बाजारापर्यंत."

"आणि माझ्या आईचा?"

आता नाव बदलायचा एकच रस्ता शिल्लक होता. तो चेटकिणीच्या भट्टीपासून निघून दलदलीत संपत होता. पण चहा निवत होता आणि तनुजा कप हातात घेऊनच उभी होती. सत्यमने घाईघाईत टाइप केलं, केसरबाई मार्ग. लगेच पडद्यावर चौकट आली: "ही आनंदवार्ता आप्तांना कळवा आणि दगडी पूल मोफत मिळवा." फुकटचा पूल कोण सोडतो? सत्यमने बोट दाबलं. आनंदवार्ता फोटोसकट 'सोयरे परिवार' नावाच्या ग्रुपवर गेली. त्या क्षणापासून गावात खुट्ट झालं तरी खेळ ते ग्रुपवर कळवणार होता, पण ते बारीक अक्षरात लिहिलेलं होतं.

दिवस धोंड्याच्या महिन्याचे होते. तीन वर्षांतून एकदा येणारा हा महिना सत्यमला दिवाळीपेक्षा प्यारा. येत्या रविवारी छावणीला सासुरवाडीत दोन्ही जावयांना जेवण होतं. केसरबाईंच्या हातचे धोंडे, आत पुरण, वर तुपाची धार. मागच्या वेळची चव आठवून आठवून त्याने तीन वर्षं काढली होती. हे जेवण चुकलं असतं तर मधली सगळी नोकरी त्याला फुकट गेल्यासारखी वाटली असती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, फोटो पाह्यला. लई बरं वाटलं. आजवर माझं नाव नुसतं रेशनकार्डावर होतं."

"मामी, त्यात काय एवढं."

"पण रोडावर ते हिरवं काय बसलंय?"

"पाहुणा आहे."

"उठणार कधी?"

"जेवला की उठतो."

"आन् पाणी? माझ्या रोडाला पाणी किती दिवसांनी येतं?"

"रोज येतं."



"जावईबापू, थाप मारावी, पण माणसाला पटंल अशी मारावी. आन् रोड लई अरुंद दिसतोय. विहीणबाईंचा बघा केवढा रुंद हाय."

ही तक्रार ग्रुपवर नव्हती, तरी ती थोरल्या साडूला, म्हणजे अभयरावांना कळली. (अभयराव गाड्यांच्या शोरूममध्ये आहेत. लोकांच्या मनात काय आहे हे त्यांना लोकांच्या आधी कळतं.) त्यांनी तोच खेळ घेतला आणि संध्याकाळी ग्रुपवर त्यांच्या गावाचा फोटो पडला. केसरबाई राजमार्ग, दोन्ही बाजूंना कारंजी. खाली केसरबाईंचा आवाज: "अभयराव, डोळे निवले." सत्यमच्या फोटोखाली त्यांनी नुसते हात जोडले होते.

"रविवारी पहिला धोंडा कुणाच्या ताटात पडतो बघा आता," तनुजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घरी येताना सत्यमने बसमध्ये खेळ उघडला. रस्ता रुंद करायचा तर दगड हवा होता आणि गावातला सगळा दगड संपला होता. दगड होता फक्त दगडाबाई मार्गाला. सत्यमने बराच विचार केला (म्हणजे बस पुढच्या स्टॉपला पोचेपर्यंत) आणि आईचा अर्धा रस्ता उखडून सासूच्या रस्त्याला घातला. विकासकामात असं व्हायचंच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. केसरबाई मार्ग एकदम देखणा दिसू लागला. दोन्ही बाजूंना झाडंसुद्धा आपोआप उगवली. हिरवा पाहुणा तेवढा जागचा हलला नाही.

तो घरी पोचला तेव्हा दगडाबाई दारातच बसल्या होत्या. पुढ्यात मोबाइल होता आणि मोबाइलवर ग्रुपची बातमी होती: "दगडाबाई मार्ग अर्धा पाडण्यात आला. नागरिकांत हळहळ."

"सत्या, माझा रोड कापला व्हय?"

"आई, तो खेळ आहे."

"मंग तिचा कापायचा. खेळच तं हाय."

सत्यम वाकून चपला काढायला लागला, पण दगडाबाईंचं संपलं नव्हतं.

"मी नाय येत रविवारी. माझा रोड घालून जिचा रोड केला, तिच्या घरी मी जेवू?"

आता विहीण आली नाही म्हणजे केसरबाई रुसणार, आणि केसरबाई रुसल्या म्हणजे कसले धोंडे आणि कसलं तूप. सत्यमने तीन दिवस आईची मनधरणी केली. शेवटी रविवारी सकाळी दगडाबाईंनी अट घातली. तो रुंद केलेला रोड माझ्या नावावर कर, मग रिक्षात बसते. सत्यमने हिशेब केला की जेवणाच्या गडबडीत मोबाइल कुणी बघत नाही. तासाभरापुरतं आईचं नाव लावू, हात धुतल्यावर सासूचं परत लावू. रिक्षातच त्याने केसरबाईंचं नाव पुसलं. दगडाबाईंचं लिहिलं आणि बटण दाबलं. छावणी जवळ आली होती. पडद्यावर एक चाक गोल गोल फिरत राहिलं. नेट गेलं होतं.

"झालं का?" आईने विचारलं.

"झालं," सत्यम म्हणाला.

छावणीला तनुजा सकाळीच पुढे गेली होती, पाट मांडलेले होते आणि कूलर लावलेला होता. केसरबाई तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. तुपाचा वास आला आणि सत्यम बाकी सगळं विसरला. त्याने मोबाइल खिशातून काढून कपाटावर ठेवला. तो अभयरावांनी उचलला.

"साडूभाऊ, तुमचं गाव टीव्हीवर लावू ना. मामींना मोबाइलवर नीट दिसत नाही."

सत्यम उठेपर्यंत गाव टीव्हीवर आलंसुद्धा. रुंद, चकचकीत रस्ता, दुतर्फा झाडं. मधोमध पाटी, आणि पाटी कोरी.

"माझं नाव कुठाय?" केसरबाई म्हणाल्या.

"आन् माझं?" दगडाबाई म्हणाल्या.

खेळातल्या बाईने गोड आवाजात दोघींना उत्तर दिलं: "या रस्त्याला नाव नाही. ड्रॅगन उतरत आहे." मग ड्रॅगन उतरला. त्याने चेटकिणीच्या भट्टीपासून दलदलीपर्यंत सगळं व्यवस्थित जाळलं आणि तो निघून गेला. धूर विरल्यावर हिरवा पाहुणा तेवढा होता तिथंच बसलेला दिसला.

"पुसलं?" केसरबाईंनी विचारलं.

"मामी, नेट गेलं हो..."

"नेट काय तुमचंच जातं? अभयरावांच्या कारंज्याचं पाणी तं चालू हाय."

सत्यमने आशेने आईकडे पाहिलं. आई आहे, ती सावरून घेईल.

"विहीणबाई," दगडाबाई म्हणाल्या, "तुमचं नाव तरी पुसलं. माझा तं रोडच कापला. वर झालं म्हणून खोटं बोलला."

"व्हय? सख्ख्या आईशी?"

"सख्ख्या आईशी."

केसरबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि त्या विहिणीला खेटून बसल्या. सत्यमच्या लग्नापासून या दोघींचं एका साडीच्या काठावरूनसुद्धा जमलं नव्हतं. आता मात्र त्यांनी तनुजाला मोबाइल घ्यायला लावला आणि कारभार हाती घेतला. राखेवर नवा रोड काढ. दोन्ही टोकं सारखीच रुंद. नाव दोघींचं. आधी तुमचं, नाय नाय, आधी तुमचं, असं बराच वेळ चाललं. सत्यमने मध्ये एक सूचना केली, ती कुणी ऐकली नाही.

"हे हिरवं काय उठत नाय," दगडाबाई म्हणाल्या.

"आई, याला नाव द्यायचं का म्हणून विचारतंय," तनुजा म्हणाली.

दोघी विहिणींनी सत्यमकडे पाहिलं. सासरे आप्पासाहेब इतका वेळ कूलरसमोर बसून होते. ते म्हणाले, "बसून ऱ्हातं आन् खायला मागतं. दुसरं नाव कशाला शोधायचं?"

तनुजाने टाइप केलं. (एरवी साधा मेसेज लिहायला तिला अर्धा तास लागतो.)

"सत्यमला भूक लागली आहे," खेळातली बाई म्हणाली.

तनुजाने बोट लावलं. हिरव्यासमोर भलंमोठं ताट आलं. त्याने ते चाटूनपुसून खाल्लं, ढेकर दिली आणि पोटावरून हात फिरवला. दोघी विहिणींना समाधान वाटलं. केसरबाई उठल्या आणि वाढायला लागल्या. अभयरावांच्या ताटात धोंडे पडले, त्यावर तुपाची धार पडली, मग आणखी एक धार पडली. सत्यमच्या ताटात वरण-भात आला आणि भातावर लिंबाची फोड आली.

त्याने थोडी वाट पाहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मामी, धोंडे..."

केसरबाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि टीव्हीकडे बोट दाखवलं.

"आत्ताच तं जेवला सत्यम."